घराजवळचे कॉलेज

कॉलेज किती चांगले आहे हा प्रश्न नंतरचा. आधीचा प्रश्न असतो, ते किती लांब आहे? आमच्या वाचकांना हे समजावून सांगायला नको. एस.टी.च्या पासात भागते की खोली घ्यावी लागते, खोली घेतली तर मेसचे काय, आणि शिकणारी मुलगी असेल तर घरातली वडीलधारी मंडळी काय म्हणतील, याच हिशेबावर आपल्या वस्त्यांतल्या कित्येकांचे शिक्षण झाले किंवा राहिले. श्रीमंत अमेरिकेतल्या छोट्या गावांतही आज हाच हिशेब मांडला जातो आहे, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते.

अमेरिका म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर येते कोलंबिया विद्यापीठ. साहजिकच आहे. १९१३ साली बाबासाहेब तिथेच शिकायला गेले. पण तिथली कष्टकऱ्यांची बहुसंख्य मुले असल्या नामांकित खासगी विद्यापीठांत जात नाहीत. ती शिकतात राज्य सरकारच्या विद्यापीठांत आणि कॉलेजांत. त्यांतली पुष्कळशी लहान गावांत आहेत आणि त्यांतल्या कित्येकांची सुरुवात शिक्षक तयार करणाऱ्या अध्यापक शाळा म्हणून झाली. गेल्या काही वर्षांत या संस्था एकमेकींत मिसळून टाकण्याचा सपाटा सुरू आहे. दोन किंवा तीन विद्यापीठांचे एक करायचे, नवे नाव द्यायचे, तीन कुलगुरूंच्या जागी एक नेमायचा.

कारण उघड आहे. विद्यार्थी कमी झाले. अमेरिकेत २००७ साली सुमारे ४३ लाख मुले जन्मली. पुढच्या वर्षी मंदी आली आणि तेव्हापासून जन्मांचा आकडा उतरत गेला. २००७ ची मुले २०२५ मध्ये अठरा वर्षांची झाली, म्हणजे खरी ओहोटी आत्ता कुठे लागते आहे. छोट्या गावांत तर ती आधीच लागली होती, कारण कारखाने बंद पडले आणि तरुण कुटुंबे शहरांकडे गेली. पण सगळा दोष पाळण्यावर घालून चालणार नाही. मंदीनंतर अनेक राज्यांनी विद्यापीठांचे अनुदान कापले, विद्यापीठांनी फी वाढवली, आणि गरिबाच्या मुलाने विचार केला की कर्ज काढून शिकण्यापेक्षा कामाला लागलेले बरे. आधी फी वाढवायची आणि मग मुले येत नाहीत म्हणून वर्ग बंद करायचे, या रीतीला आमच्या मते ओहोटी म्हणणे बरोबर नाही.

पेनसिल्व्हेनिया राज्यात सरकारी व्यवस्थेतली १४ विद्यापीठे होती. २०१० मध्ये त्यांत सुमारे १ लाख २० हजार विद्यार्थी होते. २०२२ पर्यंत ते ८५ हजारांच्या आसपास आले. त्या वर्षी १ जुलैला सहा विद्यापीठांची दोन करण्यात आली. गंमत अशी की नाव एक झाले, कुलगुरू एक झाला, पण खेळांचे संघ मात्र प्रत्येक आवाराचे वेगळेच ठेवले, कारण खेळण्यासाठी म्हणून पुष्कळ मुले प्रवेश घेतात. खेळाडू गेले तर वर्ग आणखी रिकामे. एवढे करूनही पश्चिमेकडच्या एकत्रित विद्यापीठातली गळती लगेच थांबली नाही.

विस्कॉन्सिन राज्यातल्या रिचलँड सेंटर या गावची हकीगत याहून बोलकी आहे. गाव जेमतेम पाच हजार वस्तीचे. १९६७ मध्ये तिथे दोन वर्षांचे सरकारी कॉलेज निघाले. जमीन आणि इमारती काउंटीच्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्हा परिषदेच्या समजा. शिक्षक आणि अभ्यासक्रम राज्य विद्यापीठाचे. शेतकऱ्याच्या मुलाने घरी राहून, सकाळी गोठ्याचे काम आटोपून दोन वर्षे इथे शिकावे आणि मग मोठ्या विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जावे, अशी सोय. २०१८ मध्ये राज्याने अशी १३ कॉलेजे जवळच्या मोठ्या विद्यापीठांना जोडली. रिचलँड जोडले गेले प्लॅटव्हिलला. जोडताना सांगितले होते की यामुळे लहान कॉलेजे वाचतील.

२०१४ मध्ये इथे साडेपाचशेच्या वर विद्यार्थी होते. २०२२ मध्ये उरले ६०. गावकऱ्यांचे म्हणणे असे की जोडणी झाल्यावर विद्यार्थी आणण्यासाठी फिरणारी माणसे कमी केली, लक्ष मोठ्या आवाराकडे गेले, आणि मग आकडा दाखवून कुलूप लावले. विद्यापीठाचे म्हणणे, ६० मुलांसाठी कॉलेज चालत नाही. दोन्ही बाजू आम्ही ऐकल्यासारख्या वाटतात. पटसंख्येचे कारण सांगून शाळा बंद करण्याची भाषा आपल्या कानांना नवी नाही. २०२३ च्या उन्हाळ्यात तिथले पदवीचे वर्ग थांबले. पुढच्या दोन वर्षांत त्याच राज्यातली फाँड ड्यू लॅक, वॉशिंग्टन काउंटी, फॉक्स सिटीज आणि वॉकेशा ही आवारेही गेली. इमारती काउंटीच्याच राहिल्या, आता त्यांचे करायचे काय हा प्रश्नही काउंटीचाच.

सगळीकडे लोक गप्प बसले असे मात्र नाही. व्हरमाँट हे साडेसहा लाख वस्तीचे, डोंगर आणि दूधदुभत्याचे राज्य. एप्रिल २०२० मध्ये तिथल्या सरकारी कॉलेजांच्या प्रमुखाने तीन आवारे बंद करण्याचा प्रस्ताव ठेवला: जॉन्सन, लिंडन आणि रँडॉल्फ. टाळेबंदीचे दिवस. सभा घेता येईना, मोर्चा काढता येईना. लोकांनी आपापल्या मोटारी बाहेर काढल्या आणि राजधानी माँटपेलियरच्या रस्त्यांवरून भोंगे वाजवत रांग लावली. आठवडाभरात प्रस्ताव मागे घेतला गेला. थोड्याच दिवसांत प्रमुखांनी राजीनामा दिला.

बंद पडली नाहीत, पण एकत्र झाली. १ जुलै २०२३ पासून या सगळ्यांचे व्हरमाँट स्टेट युनिव्हर्सिटी असे एक विद्यापीठ झाले. जॉन्सन आणि लिंडन यांचे तर पाच वर्षांतले हे दुसरे विलीनीकरण. एकत्र होण्याच्या आधीच, फेब्रुवारीत, नव्या कुलगुरूंनी जाहीर केले की ग्रंथालये आता संगणकावर. पुस्तके हलवायची आणि ग्रंथपालांच्या जागा कमी करायच्या. पुस्तके फारशी कोणी नेत नाही, असे त्यांचे गणित. मग जे वादळ उठले ते फीवाढीवरही उठत नाही. प्राध्यापकांनी अविश्वास ठराव केले. विद्यार्थ्यांनी सांगितले की डोंगरातल्या घरी इंटरनेट धड चालत नाही, वाचायला बसतो ती हीच जागा. एप्रिलमध्ये कुलगुरू गेले. त्यांच्या जागी आलेल्या हंगामी कुलगुरूंनी तो बेत गुंडाळला. ज्यांनी पुस्तकांसाठी राजगृह बांधणाऱ्या माणसाचे नाव घरात लावले आहे, त्या वाचकांना या भांडणाचे मोल वेगळे सांगायला नको.

विलीनीकरण नेहमीच वाईट असते असे आम्ही म्हणत नाही. तीन आवारांत प्रत्येकी चारच मुले एखादा विषय घेत असतील तर बारा जणांना एक शिक्षक मिळणे बरेच. प्रश्न असतो की तो शिक्षक वर्गात असतो की दीडशे किलोमीटरवरून पडद्यावर दिसतो. आपल्या राज्यातही २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचे प्रस्ताव मागवले गेले होते. ज्यांच्या वस्तीवरची शाळा त्या यादीत बसते त्यांनी एवढे तरी विचारावे की बस कोण देणार, किती वर्षे देणार, आणि ते कागदावर आहे का.

आता जॉर्जियाची गोष्ट, जी आम्हाला सर्वांत जवळची वाटते. या राज्याने २०११ पासून विलीनीकरणे करत ३५ संस्थांच्या २६ केल्या. त्यांत ऑल्बनी गावही आले. १९०३ मध्ये जोसेफ हॉली या कृष्णवर्णीय शिक्षकाने तिथे आपल्या समाजाच्या मुलांसाठी शाळा काढली. प्रेरणा होती डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांच्या पुस्तकाची. हे तेच डु बॉइस, ज्यांना १९४६ साली बाबासाहेबांनी पत्र लिहून संयुक्त राष्ट्रसंघाकडे निग्रो समाजाने केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या होत्या. त्याच वर्षी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले, आणि १९५० मध्ये औरंगाबादेत मिलिंद. ज्यांना दुसऱ्यांच्या कॉलेजात बाकावर जागा नव्हती त्यांनी आपले कॉलेज काढले, ही दोन्हीकडची एकच गोष्ट.

हॉलींची शाळा वाढत ऑल्बनी स्टेट झाली. १९६१ मध्ये वर्णभेदाविरुद्ध मोर्चात गेल्याबद्दल तिने आपल्याच चाळीसएक विद्यार्थ्यांना काढून टाकले. त्यांत पुढे नामवंत गायिका आणि इतिहासकार झालेल्या बर्निस जॉन्सन रेगन होत्या. पन्नास वर्षांनी, २०११ मध्ये, विद्यापीठाने त्या विद्यार्थ्यांना सन्मानाने पदव्या दिल्या. आणि गावात सरकारी कॉलेज असतानाच १९६६ मध्ये सरकारने त्याच गावात दुसरे कॉलेज उघडले, पुढे डार्टन म्हणून ओळखले गेलेले. एका गावाला दोन कॉलेजे का लागली, हे त्या काळचे जॉर्जिया माहीत असणाऱ्याला विचारावे लागत नाही.

जानेवारी २०१७ मध्ये दोन्ही एक झाली. कागदावर काटकसर, पण माजी विद्यार्थ्यांच्या पोटात भीतीचा गोळा: आपले कॉलेज यात विरघळून जाणार का? नाव ऑल्बनी स्टेटच राहिले, एवढे त्यांनी मिळवले. पहिल्या वर्षांत एकूण विद्यार्थी मात्र कमी झाले. फ्लिंट नदीच्या पूर्व काठावरचे जुने आवार १९९४ च्या महापुरात उद्ध्वस्त होऊन पुन्हा उभे राहिले होते. त्याला आता पूर्व आवार म्हणतात, आणि एके काळचे डार्टन झाले पश्चिम आवार. नर्सिंग शिकणारी मुलगी एकाच ओळखपत्रावर दोन्हीकडे जाते.