चोचीला चिकटलेली माती

वाळूज एमआयडीसीतल्या एका छोट्या शेडमध्ये गेलो, तेव्हा वेल्डिंगच्या टेबलावर बी टोकायचं एक यंत्र, टोकण यंत्र, आडवं ठेवलेलं होतं. शेजारी बादलीत कालवलेली काळी माती, पुठ्ठ्याचे तुकडे आणि सायकलची जुनी ट्यूब. मालक स्वतः यंत्राची चोच चिखलात खुपसत होते आणि दर वेळी किती माती चिकटून वर येते ते बघत होते.

या शेडचं पोट जॉबवर्कवर. १९८५ साली बजाज ऑटो वाळूजला आली आणि तिच्या भोवती सुटे भाग करणारे शेकडो कारखाने उभे राहिले. ड्रॉइंग वरून येतं, ते मापात उतरवायचं. यात इथले कारागीर फार तरबेज आहेत. पण वस्तू वापरणाऱ्याशी त्यांची गाठ कधी पडतच नाही. टोकण यंत्र हा मालकांचा स्वतःचा माल, त्याला ड्रॉइंग देणारं कुणी नाही. दुकानदार म्हणाले, मूठ प्लॅस्टिकची करा, रंग बदला. मालक त्या मुठीची डाय करायला टाकणार होते. तिचा खर्च लाखांत. तेवढ्यात डिझाइन शिकून गावी परतलेली एक मुलगी त्यांना म्हणाली, "काका, डाय थांबवा. आधी दोन दिवस शेतात जाऊ."

जूनअखेरीला फुलंब्रीकडच्या एका शिवारात मक्याची टोकणी चालू होती. मीही सोबत गेलो. तिने पहिला तासभर एकही प्रश्न विचारला नाही. बांधावर बसून फक्त वहीत लिहीत राहिली. यंत्र चालवणाऱ्या सगळ्या बायाच होत्या. दट्ट्या दाबताना बांगड्या पाइपवर आपटायच्या, म्हणून एकीने मनगटाला फडकं गुंडाळलं होतं. ठेंगणीचा खांदा वर ओढला जाई, उंच बाईला वाकावं लागे. पाच-सहा ठोक्यांनंतर चोच मातीने बुजायची, मग काडीने कोरायची. "हे कोरण्यातच निम्मा दिस जातो बघा," एक मावशी म्हणाल्या. मालक गप्प झाले. मूठ आणि रंग यांबद्दल दिवसभरात कुणी अवाक्षरही काढलं नव्हतं.

पुढचं काम शेडमध्येच झालं, आणि तेच मला सगळ्यात मोलाचं वाटलं. पुठ्ठा कापून मुठीचे चार आकार केले, त्यांवर ट्यूब गुंडाळली. शेडमध्ये झाडलोट करणाऱ्या ताईंच्या हातात एकेक देऊन पाहिला. उंची बदलता यावी म्हणून पाइपला तीन भोकं पाडून खीळ बसवली. चोचीचं तोंड तिरकं घासलं, बादलीत खुपसलं, पुन्हा घासलं. तिसऱ्या चोचीने माती बरीच कमी धरली. खर्च म्हणाल तर भंगारातला पत्रा आणि त्या मुलीचे सहा दिवसांचे पैसे.

डिझाइन थिंकिंग म्हणतात ते हेच. मोठ्या हॉटेलातल्या कार्यशाळेची त्याला गरज नाही. १९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स या डिझायनर दांपत्याने भारत सरकारला डिझाइनविषयी अहवाल दिला, त्यात त्यांनी नमुना म्हणून आपला साधा लोटा घेतला होता. हाताला तोल कसा वाटतो, कमरेवर कसा बसतो, त्यातून पाणी कसं ओतलं जातं, असे प्रश्न त्यांनी त्या लोट्याबद्दल विचारले. त्यानंतर १९६१ साली अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली.

सरकारचीही मदत आहे. एमएसएमई मंत्रालयाच्या योजनेत डिझाइनच्या प्रकल्पासाठी सूक्ष्म उद्योगाला ७५ टक्के, तर लघु आणि मध्यम उद्योगाला ६० टक्के साहाय्य मिळतं. पण प्रस्ताव लिहायला बसायचं तर त्या दिवशी मशीन कोण चालवणार? चार माणसांच्या शेडची अडचण इथे आहे, आणि ती खरी आहे.

म्हणून सीएमआयए आणि मसिआ या आपल्या उद्योजक संघटनांना एक विनंती. दहा शेड मिळून एक डिझायनर वर्षभरासाठी ठेवा. पगार वाटून घ्या, प्रस्तावाची कागदपत्रंही त्याच्याकडूनच करून घ्या. आणि रब्बीच्या मक्याची टोकणी सुरू झाली की त्याला पहिल्याच दिवशी शिवारात पाठवा; मालकांनीही सोबत जावं.