गाय लाकूड पचवते का?

वहीचा एक कोरा कागद टरकन फाडा आणि फाटलेली कड उजेडात धरा. बारीक केसांसारखे तंतू दिसले ना? ते लाकडातले धागे, सेल्युलोजचे. आणि सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजची लांबच लांब साखळी. म्हणजे तुमच्या वहीत साखरच साखर भरलीय! आपल्याला ती पचत नाही. गाईच्या पोटात मात्र चार कप्पे असतात. त्यातल्या पहिल्या, सगळ्यात मोठ्या कप्प्यात अब्जावधी सूक्ष्मजीव राहतात. ते ही साखळी तोडतात आणि त्यातून जी आम्लं तयार होतात, त्यांच्यावर गाय पोसली जाते.

मग गाय झाडाचं खोडच का नाही खात? कारण लिग्निन! लाकडाचा साधारण पाव भाग लिग्निनचा असतो. विटांमधल्या सिमेंटसारखं ते तंतूंना घट्ट धरून बसतं आणि सूक्ष्मजीवांना आत शिरूच देत नाही. स्प्रूसचा किंवा पाइनचा भुसा गाईने खाल्लाच, तर तो जवळजवळ तसाच शेणातून बाहेर पडेल.

कागद कारखान्यात लाकडाचे तुकडे रसायनांत शिजवतात, तेव्हा नेमकं हेच लिग्निन विरघळतं. उरतो मऊ लगदा. हा लगदा गाईला झकास पचतो!

हे खरोखर घडलंय. एप्रिल 1940 मध्ये जर्मनीने नॉर्वे आणि डेन्मार्कवर हल्ला केला आणि स्वीडनचा समुद्रमार्ग अडला. बाहेरून येणारी पेंड बंद, आणि परदेशी जाणारा लगदाही पडून. गोठ्यात चारा नाही, कारखान्यात गिऱ्हाईक नाही! तेव्हा कारखान्यांनी जनावरांसाठीच लगदा करायला घेतला. गाई आणि घोडे तो खाऊन तगले. फिनलंडमध्येही हेच झालं. लगद्यात प्रथिनं मात्र नसल्यासारखीच, त्यामुळे ती वेगळी द्यावी लागत. मला तर ही युद्धकाळातली सगळ्यात हुशार युक्ती वाटते.

पुढे 1970 च्या दशकात अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनच्या वन-उत्पादन प्रयोगशाळेने कारखान्यात वाया जाणाऱ्या भागाकडे लक्ष वळवलं. लगदा धुताना फार आखूड तंतू जाळीतून निसटतात. कागदाला ते निरुपयोगी, पण रवंथ करणाऱ्या जनावराला आखूड काय नि लांब काय! नीट शिजलेले असले, म्हणजे झालं.

म्हणून गाईला रद्दी घालायला धावू नका हं! तिच्यावर शाई असते, पिना असतात. शिवाय वर्तमानपत्राचा कागद बहुतेक वेळा लाकूड नुसतं दळून करतात, त्यामुळे लिग्निन आतच राहतं. उन्हात तो पिवळा पडतो, तो त्यामुळेच.

आणि विरघळून गेलेल्या त्या लिग्निनचं काय होतं? सल्फाइट पद्धतीच्या कारखान्यांत त्याचा चिकट द्रव मिळतो. पशुखाद्याच्या गोळ्या फुटू नयेत म्हणून त्यांत तो थोडासा मिसळतात.