स्टेटसवरून आगळ विकताना

तायांनो, कोकम आगळाचा फोटो आपण स्टेटसला टाकतो, पण भाव लिहीत नाही. "कितक्याक?" असं विचारायला सगळेच थांबत नाहीत. बाटली किती मिलीची, दर, कुरियरचा खर्च आणि 14 अंकी एफएसएसएआय नंबर फोटोखालीच लिहा. (फोटो अंगणातल्या उजेडात काढा, ट्यूबलाइटखाली आगळ काळं दिसतं!) स्टेटस 24 तासांत जातं, व्हॉट्सॲप बिझनेसच्या कॅटलॉगमध्ये फोटो राहतो.

आता महत्त्वाचं. मोठी ऑर्डर देणारा अनोळखी माणूस "पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका" म्हणाला, तर फोन ठेवा. पैसे घ्यायला पिन लागतच नाही; टाकला की आपलेच जातात. गेलेच तर लाजून गप्प बसू नका, लगेच 1930 ला फोन करा.