त्रोइलोचा खोडरबर

अस्तोर पिआसोला १९३९ मध्ये अनिबाल त्रोइलोच्या वाद्यवृंदात बांदोनेऑन वाजवायला लागला, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. पुढे तो या वृंदासाठी वाद्यमेळही लिहू लागला. तो पानंच्या पानं भरायचा आणि मग त्रोइलो खोडरबर घेऊन बसायचा. स्वर वाईट होते असं नाही. पण एवढ्या दाटीत नाचणाऱ्याला पाऊल ठेवायला जागा उरत नव्हती. १९४४ मध्ये पिआसोला बाहेर पडला, त्यानं टँगो मैफलीत नेला आणि जगभर नाव कमावलं. तरी ब्यूनोस आयर्सच्या जुन्या वळणाच्या मिलोंगात, म्हणजे टँगोच्या नाचसंध्येत, त्याच्या रचना क्वचितच वाजतात.

मिलोंगासाठी वादक ठरवायचे असतील, तर आधी हा खोडरबर आठवावा. वृंद किती तयारीचा आहे, हा प्रश्न नंतरचा. तो काय गाळू शकतो, हे आधी पाहावं.

समोर वाजवणाऱ्यांची खरी स्पर्धा असते ती जुन्या ध्वनिमुद्रिकांशी. एरवी मिलोंगात डीजे साधारण १९३५ ते १९५५ या काळातली मुद्रणं लावतो. एकाच वृंदाच्या तीन-चार रचनांचा एक ‘तांदा’, मग जोडीदार बदलायला ‘कोर्तिना’ नावाचा भलत्याच संगीताचा तुकडा. कार्लोस दि सार्लीचा पियानो कुठे हलकेच खाली उतरतो, हे नेहमी नाचणाऱ्यांना तोंडपाठ असतं. नव्या वृंदाकडे हे आयतं भांडवल नाही. त्याला पहिल्या आठ-दहा मात्रांतच पायांचा विश्वास मिळवावा लागतो.

आणि हे सगळं तालवाद्याशिवाय! जुन्या ‘ऑर्केस्ता तिपिका’त बांदोनेऑन, व्हायोलिनं, पियानो आणि डबल बास असतात; ड्रम नसतो. ढोलकीविना लावणीचा फड कल्पून पाहा. इथं ढोलकीचं काम करतात पियानोचा डावा हात आणि बास. म्हणून वृंद ऐकताना बांदोनेऑनवर भाळण्याआधी या दोघांकडे कान द्यावा. बांदोनेऑन भुलवणारच म्हणा. आपल्या पेटीचा हा जर्मन चुलतभाऊ. भात्याच्या हवेनं पत्त्या थरथरतात, पण एकाच बटणावर भाता उघडताना एक स्वर आणि मिटताना बहुधा दुसराच. पेटीवाल्याला घाम फुटावा.

हुआन दारिएन्सोच्या वृंदात १९३५ च्या अखेरीस रोदोल्फो बिआजी पियानोवर आला आणि ठोका असा खणखणीत झाला की तरुण मंडळी नाचायला लोटली. दारिएन्सोला ‘तालाचा राजा’ म्हणतात. पण लय पक्की म्हणजे घड्याळासारखी, असं मात्र नाही. ओस्वाल्दो पुग्लिएसेनं १९४६ मध्ये मुद्रित केलेली ‘ला युम्बा’ ऐका. लय ताणली जाते, रेंगाळते, पुन्हा धाडकन समेवर यावी तशी कोसळते. तरी ती नाचता येते, कारण सगळा वृंद एकाच श्वासानं ओढ घेतो. ही ओढ जमत नसेल, तर पुग्लिएसेच्या वाटेला जाऊ नये.

पूर्ण तिपिका म्हणजे दहा-बारा माणसं. त्यांचं मानधन आणि मंचावरची जागा पाहता षट्क सोयीचं: दोन बांदोनेऑन, दोन व्हायोलिनं, पियानो, बास. १९२० च्या दशकात हुलिओ दे कारोनं हाच साचा गाजवला. अलीकडच्या वृंदांपैकी ‘सेक्स्तेतो मिलोंगेरो’ खास नाचणाऱ्यांसाठीचं. पुग्लिएसेच्या वृंदात बांदोनेऑन वाजवलेल्या रोबेर्तो आल्वारेसच्या ‘कोलोर टँगो’त ती ओढ सापडते. ‘फेर्नांदेस फिएर्रो’चा दणका जबरदस्त, पण मी तो खुर्चीत बसूनच ऐकेन. निव्वळ गिटार-बांदोनेऑनची जोडी छोट्या खोलीत गोड लागते. मोठ्या दालनात मागच्या जोड्यांपर्यंत ठोका पोचत नाही.

गायकाचं प्रकरण नाजूक. जुन्या नाचवृंदांत गायक कित्येकदा फक्त ध्रुवपद गायचा. वाद्यांतलं एक वाद्य असल्यासारखा. ज्याला प्रत्येक ओळीवर टाळी हवी, तो शेवटच्या शब्दावर ठाण मांडतो आणि पन्नास माणसं एक पाय अधांतरी धरून उभी राहतात. दोन गाण्यांमधलं लांबलचक निवेदनही तसंच. आलिंगन सैल होतं, तांद्याचा रंग उतरतो.

ध्वनिफितीवर विसंबू नये, वृंद एखाद्या मिलोंगात जाऊन पाहावा. दुसरी रचना सुरू झाली की नजर मंचावरून काढून जमिनीवर टाकावी. जोड्या घड्याळाच्या उलट दिशेनं फिरत असतील आणि वादकांकडे कोणाचंच लक्ष नसेल, तर मध्यंतरात जाऊन तारीख मागावी.