एका दुकानात दोन मुनीम
वेगवेगळ्या कंपन्यांच्या वाय-फाय यंत्रांचा मेळ कसा घालावा?

परभणी, सेलू, जिंतूर, गंगाखेड येथे आपल्यापैकी अनेकांचे दुकान खाली आणि राहणे वर असते. कारागिरांचे कामही घराच्याच एका खोलीत चालते. इंटरनेटची जोडणी मात्र एकच असते. तिच्यावर बिलाचा संगणक, प्रिंटर, कॅमेरे, मुलांचा अभ्यास आणि गल्ल्यावरच्या मोबाईलचे यूपीआय असा सगळा भार पडतो. २०१७ साली जीएसटी आला तेव्हापासून विवरणपत्र आणि पुढे ई-वे बिलही याच वाटेने जाते. लग्नसराईच्या ऐन गर्दीत ही वाट बंद झाली तर गिऱ्हाईक थांबत नाही, शेजारच्या दुकानात जाते.

ही यंत्रे आपण एकदम घेत नाही. फायबरवाल्याने दिलेला डबा असतो. पुढे टीपी-लिंकचा राउटर येतो, कॅमेऱ्यांसाठी डी-लिंकचा स्विच येतो, वरच्या मजल्यासाठी टेंडाचा अॅक्सेस पॉइंट येतो. बिघाड झाला की विकणारा सांगतो, "सगळे काढा, एकाच कंपनीचे बसवा." आमच्या मते हा सल्ला बहुतेक वेळा नाहक खर्चाचा आहे. कंपन्या वेगळ्या असणे हा दोष नव्हे. घरात कारभारी दोन असणे हा खरा दोष आहे.

मीटर जसा सुरतेत तोच आणि मालेगावातही तोच, तसेच येथे आहे. तारेच्या जोडणीचे माप १९८३ साली आणि वाय-फायचे १९९७ साली आयईईई या संस्थेने ठरवून दिले. म्हणून एका कंपनीचा स्विच दुसऱ्या कंपनीच्या राउटरशी बिनतक्रार बोलतो. मेळ बसत नाही तो कंपन्यांच्या खास सोयींचा. एका कंपनीचे 'मेश' दुसऱ्या कंपनीच्या यंत्राला सहसा जोडता येत नाही. अशा वेळी मेशचा नाद सोडून प्रत्येक अॅक्सेस पॉइंटपर्यंत तार ओढावी.

आता दोन कारभाऱ्यांचा मामला पाहू. जोडणीवरच्या प्रत्येक मोबाईलला, प्रिंटरला एक पत्ता लागतो. हे पत्ते वाटण्याच्या कामाला डीएचसीपी म्हणतात. हे काम राउटर करतो. जुना राउटर वरच्या मजल्यावर नुसता वाय-फायसाठी लावला तरी तोही पत्ते वाटू लागतो. एका वहीत दोन मुनीम लिहू लागले की हिशेबाचे जे होते तेच येथे होते. कधी चालते, कधी बंद पडते, आणि कारण सापडत नाही.

याची तपासणी सोपी आहे. मोबाईलमध्ये वाय-फायच्या माहितीत 'गेटवे' हा आकडा पाहावा. दुकानात १९२.१६८.१.१ आणि वर १९२.१६८.०.१ दिसला तर पत्ते वाटणारे दोन आहेत असे समजावे. आकडा एकच दिसला तरी लगेच निर्धास्त होऊ नये, कारण दोन कंपन्यांचा मूळ आकडा एकच असू शकतो. इलाज असा : दुसऱ्या राउटरला पहिल्याच्या मालिकेतला, पण दुसऱ्या कोणाला दिला जाणार नाही असा वेगळा पत्ता द्यावा. त्याचा डीएचसीपी बंद करावा आणि तार 'वॅन' लिहिलेल्या खोबणीत न लावता 'लॅन'च्या खोबणीत लावावी. इंटरनेट चालते पण वरच्या मजल्यावरून खालचा प्रिंटर सापडत नाही, ही तक्रार बहुधा वॅनच्या खोबणीमुळेच असते. फायबरवाल्याचा डबाही बहुतेक वेळा राउटरच असतो, हे विसरू नये.

सर्व काही एकदम ठप्प झाले आणि स्विचचे सगळे दिवे एकसारखे भराभर लुकलुकू लागले, तर तारेचे वेटोळे झाले असण्याचा संभव असतो. एकाच तारेची दोन्ही टोके एका स्विचमध्ये गेली, किंवा दोन स्विचमध्ये दोन तारा लागल्या, की तोच निरोप गोल गोल फिरत राहतो. महागडे स्विच हे ओळखून एक वाट बंद करतात. स्वस्तातल्या स्विचमध्ये ही सोय बहुधा नसते. एकेक तार काढत जावी. जी काढताच दिवे शांत होतील ती गुन्हेगार.

हा रोग मोठ्यांनाही सोडत नाही. अमेरिकेत बोस्टनच्या बेथ इस्राएल डीकनेस या नामांकित रुग्णालयाचे नेटवर्क नोव्हेंबर २००२ मध्ये अशाच घोटाळ्याने जवळपास चार दिवस कोलमडले आणि डॉक्टरांना कागद-पेनावर काम करावे लागले. जोडणी वर्षानुवर्षे तुकड्या-तुकड्याने वाढत गेली होती. आपल्या घरांतही ती तशीच वाढते.

तारेच्या बाबतीत कापडाइतकीच पारख हवी. वर तांब्याचा मुलामा आणि आत अॅल्युमिनियम अशी तार बाजारात स्वस्त मिळते. टोक खरवडले की पांढरे दिसते. ती घेऊ नये. तारेत आठ धागे असतात. १०० एमबीपीएसला चार पुरतात, १००० ला आठही लागतात. एक धागा तुटला की वेग १०० वर येतो आणि दोष राउटरला दिला जातो. एक तार १०० मीटरपेक्षा लांब नसावी.

काही अॅक्सेस पॉइंटांना वीजही याच तारेतून मिळते, त्याला पीओई म्हणतात. प्रमाणित स्विच आधी समोरचे यंत्र ओळखतो, मग सुमारे ४८ व्होल्ट देतो. काही यंत्रे मात्र २४ व्होल्टची असतात. दोन्हींची गल्लत झाली तर यंत्र सुरू होत नाही, प्रसंगी जळते. व्होल्टचा आकडा वाचल्याशिवाय जोडू नये.

सर्व मजल्यांवर वाय-फायचे नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार एकच ठेवावा. जुना प्रिंटर जोडला जात नसेल तर डब्ल्यूपीए२ निवडावा. २.४ गिगाहर्ट्झवर शेजारच्या दोन यंत्रांना १, ६ आणि ११ पैकी वेगवेगळे चॅनेल द्यावे. पत्र्याखाली यंत्र ठेवू नये. पत्रा लहरी अडवतो आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात यंत्र तापून बंद पडते. वीज जाऊन आल्यावर सर्व यंत्रे एकदम जागी होतात आणि काहींना पत्ता मिळत नाही. अशा वेळी आधी फायबरचा डबा, मग राउटर, मग स्विच आणि शेवटी अॅक्सेस पॉइंट सुरू करावा.

व्यापारी बांधवांनी एका कागदावर आपल्या जोडणीचा नकाशा काढावा. कोणती तार कोठून कोठे जाते, कोणत्या यंत्राचा पत्ता काय, पत्ते वाटणारा कोण, हे लिहावे. पासवर्डही लिहून जपून ठेवावेत. ते फक्त कारागिराच्या डोक्यात राहू देऊ नयेत. बिघाड शोधताना एका वेळी एकच बदल करावा, आणि गुण आला नाही तर तो मागे घ्यावा. एवढे करूनही दोष एकाच यंत्रात निघाला तर तेवढेच बदलावे. कपड्याची एक शिवण उसवली म्हणून कोणी अख्खा ठाण परत करत नाही.