जुना संगणक, नवं काम (भाग ५) : विजोड रॅम चालते का?

गेल्या भागात आपण डबा उघडून आतली धूळ काढली आणि पंखा साफ केला. आता आतल्या रॅमकडे वळू.

२००१ मध्ये एमएस-सीआयटी सुरू झालं आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत खेड्यांतल्या घरांत, झेरॉक्सच्या दुकानांत, संगणक वर्गांत डेस्कटॉप आले. त्यातले कित्येक आज माळ्यावर पडून आहेत. एकाचा मदरबोर्ड गेलेला असतो. दुसरा चालू असतो, पण फॉर्मची एक पीडीएफ उघडायलाही तो जीव खातो. मग बंद डब्यातली रॅम चालू डब्यात घातली तर? आपल्या जळकोट गावच्या लोकांसाठी हा प्रश्न खर्चाचा आहेच, वेळेचाही आहे. एका सुट्या भागासाठी नळदुर्ग मागे टाकून सोलापूर गाठायचं म्हणजे दिवस मोडतो.

पहिला नियम पिढीचा, आणि तो मोडता येत नाही. डीडीआर, डीडीआर२, डीडीआर३, डीडीआर४ या वेगवेगळ्या पिढ्या आहेत. डेस्कटॉपच्या डीडीआरला १८४ पिना, डीडीआर४ला २८८. फसगत होते ती मधल्या दोघींत. डीडीआर२ आणि डीडीआर३ दोन्ही २४० पिनांच्या आणि लांबीलाही सारख्या. पण त्यांची खाच वेगळ्या जागी असते, कारण डीडीआर२ १.८ व्होल्टवर चालते आणि डीडीआर३ १.५ व्होल्टवर. रॅम सहज बसत नसेल तर जोर लावू नका. चुकीची रॅम बसू नये यासाठीच ती खाच आहे.

पिढी लेबलवरून कळते. ‘पीसी२-६४००’ म्हणजे डीडीआर२, ‘पीसी३-१०६००’ म्हणजे डीडीआर३. शेवटी ‘यू’ असेल तर ती साध्या डेस्कटॉपची, ‘एस’ असेल तर लॅपटॉपची. ‘आर’ असेल तर ती सर्व्हरची. घरच्या संगणकात ती चालत नाही.

पिढी एकच असेल तर कंपनी, क्षमता आणि वेग वेगळे असले तरी बहुतेक वेळा जमतं. प्रत्येक रॅमवर एक छोटी चिप असते. त्या रॅमचा वेग किती, क्षमता किती, याची नोंद तिच्यात असते. संगणक सुरू होताना सगळ्या नोंदी वाचतो आणि सर्वांना झेपेल असा वेग ठरवतो. १६०० आणि १३३३ वेगाच्या रॅम एकत्र लावल्या तर दोन्ही १३३३ने चालतात. १ जीबी आणि २ जीबी अशी विजोड जोडी असली, तरी इंटेलच्या २००४ नंतरच्या बऱ्याच चिपसेटमध्ये जुळणारा भाग दुहेरी मार्गाने चालतो आणि उरलेला एकेरीने.

‘जोडी सारखीच हवी’ म्हणून लोक हाताशी असलेली रॅम वापरत नाहीत, याचं मला वाईट वाटतं. रॅम भरली की संगणक उरलेलं सामान हार्ड डिस्कवर ठेवतो, आणि तिथून काही शोधून आणायला रॅमच्या सुमारे लाखपट वेळ लागतो. त्यापुढे १६०० आणि १३३३ यांतला फरक कुणाला जाणवणारही नाही. जुन्या संगणकात वेगापेक्षा क्षमता मोठी.

मर्यादा मात्र मदरबोर्डची असते. इंटेलच्या जी३१ चिपसेटला ४ जीबीपर्यंतच रॅम चालते, एच६१ला १६ जीबीपर्यंत. जी४१च्या डीडीआर३ बोर्डांना ४ जीबीची रॅम हवी तर दोन्ही बाजू मिळून १६ मेमरी चिपा असलेली घ्यावी. ८ चिपांची त्यांना मानवत नाही. आणि विंडोज ३२-बिट असेल तर ४ जीबी लावूनही साधारण तीन-साडेतीनच वापरता येते.

आता प्रत्यक्ष काम. प्लग काढा आणि पॉवरचं बटण काही सेकंद दाबून ठेवा, म्हणजे उरलेली वीज निघून जाते. डब्याच्या उघड्या पत्र्याला हात लावा. अंगावरची स्थिर वीज उतरते. रॅम कडांनी धरा. सोनेरी पट्ट्यांवर खोडरबर हलकेच फिरवा आणि चुरा झटका. आपल्याकडच्या धुळीत वर्षानुवर्षं पडलेल्या रॅमचा निम्मा आजार इथेच बरा होतो. मग खाच जुळवून दोन्ही टोकं ‘टक’ होईपर्यंत दाबा.

आधी एकेक रॅम स्वतंत्र लावून संगणक सुरू करून बघा, मग दोन्ही एकत्र. नुसतेच बीप वाजले आणि डिस्प्ले आला नाही, तर स्लॉट बदला. तरीही नाही आला, तर मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल थोडा वेळ काढून परत बसवा. सुरू झाला म्हणजे काम संपलं असं समजू नका. पेनड्राइव्हवरून ‘मेमटेस्ट८६+’ चालवा आणि रात्रभर चालू द्या. एकही चूक दिसली तर कोणत्या रॅममुळे ती येते ते शोधा आणि ती रॅम बाजूला काढा. दुकानाची बिलं किंवा मुलांचे अर्ज ज्यावर ठेवायचे, त्या संगणकात खात्री नसलेली रॅम नको.

पुढच्या आठवड्यात हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी कशी बसवायची ते पाहू. तोवर दोन्ही डब्यांतल्या रॅमची लेबलं आणि मदरबोर्डवर छापलेला मॉडेल क्रमांक वहीत उतरवून ठेवा. एसएसडी निवडतानाही तो क्रमांक लागणार आहे.