मरण अडवणारी खोबण

पेशी मरतात म्हणून आपण जगतो, हे वाक्य विचित्र वाटेल. पण गर्भातल्या बाळाची बोटे सुटी होतात ती मधल्या पेशी वेळेवर मेल्यामुळेच. १९७२ मध्ये कर, वायली आणि करी या तिघांनी या शिस्तबद्ध मरणाला ‘अ‍ॅपॉप्टोसिस’ हे नाव दिले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ पाने गळणे. ही पानगळ अडली तर? लसिका ग्रंथींच्या एका कर्करोगात ‘बीसीएल-२’ नावाचे प्रथिन अतोनात तयार होते. १९८८ मध्ये मेलबर्नच्या डेव्हिड व्हॉक्स, सुझान कोरी आणि जेरी अ‍ॅडम्स यांनी त्याचे जनुक रक्तपेशींत घातले. जगण्यासाठी लागणारा बाहेरचा संदेश तोडूनही त्या पेशी मेल्या नाहीत. मात्र त्या वाढतही नव्हत्या. कर्करोग म्हणजे केवळ बेसुमार वाढ, या समजुतीला तो मोठाच धक्का होता.

यातली मेख एका खोबणीत आहे. बीसीएल-२ आणि त्याच्या जीवरक्षक भाऊबंदांच्या पृष्ठभागावर एक लांबट खोबण असते. मरणाचा निरोप आणणाऱ्या प्रथिनांचा छोटासा भाग तिच्यात बसतो. कर्करोगाच्या पेशीत अशा खोबणींचा सुकाळ असला, की मारेकरी प्रथिने तिथेच अडकून पडतात आणि पेशी निर्धास्त राहते. खोबणीत कोणी तोतया नेऊन बसवला, तर मारेकरी मोकळे होतील.

१९९७ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅबट कंपनीच्या चमूने बीसीएल-एक्सएल या भावाच्या खोबणीत बसलेल्या, ‘बाक’ या मारेकरी प्रथिनाच्या तुकड्याची रचना प्रसिद्ध केली. हे पेप्टाइड अवघ्या १६ अमिनो आम्लांचे. एकटे पाण्यात असताना ते भिजलेल्या सुतळीसारखे सैल असते, खोबणीत मात्र त्याचे मळसूत्र होते. त्यातले एक ल्युसिन काढून जागी अ‍ॅलॅनिन घातले, की पकड शेकडो पटींनी ढिली पडते. पाठ्यपुस्तकातली कुलूप-किल्लीची उपमा इथे अपुरी आहे. ही किल्ली कुलपात शिरता शिरता घडते, आणि कुलूपही तिच्यासाठी थोडे सरकून घेते.

ते शिरणे कोणत्याही सूक्ष्मदर्शकातून बघता येत नाही. ते संगणकावर घडवून पाहणे हा माझ्यासारख्यांचा उद्योग. प्रथिन, पेप्टाइड आणि भोवती पाण्याचे हजारो रेणू मांडायचे. प्रत्येक अणूवरचे बल काढायचे, न्यूटनच्या नियमाने त्याला किंचित सरकवायचे, आणि पुन्हा बल काढायचे. एक पाऊल साधारण दोन फेम्टोसेकंदांचे. सेकंदाचा दहालक्षांश भाग पाहायचा, तर अशी ५० कोटी पावले! १९७७ मध्ये मॅककॅमन, गेलिन आणि कार्प्लस यांनी प्रथिनाची हालचाल पहिल्यांदा अशी मांडली, तेव्हा प्रथिन ५८ अमिनो आम्लांचे होते, पाणी नव्हतेच, आणि सारा खेळ ९.२ पिकोसेकंदांत आटोपला होता. मद्रासला जी. एन. रामचंद्रन यांनी १९६३ मध्ये प्रथिनाच्या साखळीला कोणते कोन मानवतात याचा नकाशा दिला. आज इतक्या वर्षांनीही मी आधी तोच उघडतो. त्यावर सैरभैर हिंडणारे ठिपके मळसूत्राच्या कोपऱ्यात गोळा होऊ लागले, की पेप्टाइड ठिकाणावर येत आहे असे समजावे.

खरा डाव पाण्याचा असतो. खोबणीचा तळ तेलकट, पेप्टाइडची आत वळलेली बाजूही तेलकट. दोन्ही जवळ येतात तेव्हा मधले पाण्याचे रेणू बाहेर पडतात आणि त्यातून ऊर्जेचा मोठा लाभ होतो. उलट, सैल सुतळीला एका आकारात जखडण्याची किंमत मोजावी लागते. लाखोंच्या उलाढालीत दहा-वीस रुपयांची शिल्लक शोधावी, तसे हे काम. मोलमागे १.४ किलोकॅलरी इकडची तिकडे झाली, की पकडीचा अंदाज दहा पटींनी चुकतो.

आणि या चुकीची किंमत रुग्णाला मोजावी लागू शकते. नॅव्हिटोक्लॅक्स हे औषध बीसीएल-२ बरोबर बीसीएल-एक्सएलचीही खोबण भरत असे. रक्तातल्या प्लेटलेट मात्र बीसीएल-एक्सएलच्याच जिवावर जगतात. रुग्णांच्या प्लेटलेट घटल्या. पुढे बीसीएल-२ तेवढे वेचून धरणारे व्हेनेटोक्लॅक्स आले. २०१६ मध्ये अमेरिकेत त्याला जुनाट लिंफोसायटिक ल्युकेमियाच्या काही रुग्णांसाठी मान्यता मिळाली. ‘संगणकाने औषध शोधले’ अशा बातम्या वाचल्या की मला हसू येते. या औषधाचे श्रेय मुख्यतः प्रयोगशाळेत टिपलेल्या रचनांचे आणि रसायनशास्त्रज्ञांच्या चिकाटीचे आहे.

मग आमचा उपयोग काय? स्फटिकातली रचना म्हणजे एक छायाचित्र. पेप्टाइड आधी वळते की आधी टेकते, खोबणीची कड कुठे उघडते, हे त्यात उमटत नाही. तिसरा भाऊ एमसीएल-१ घ्या. त्याच्या खोबणीत ‘नॉक्सा’ या मारेकऱ्याचे पेप्टाइड बसते, ‘बॅड’चे बसत नाही, बीसीएल-एक्सएलमध्ये नेमके उलटे. हृदयाच्या पेशींनाही एमसीएल-१ लागते, आणि त्यावरच्या औषधांच्या काही चाचण्या हृदयावरील परिणामांच्या काळजीने थांबवाव्या लागल्या.

म्हणून मी नव्या रेणूआधी नॉक्सा आणि बॅड यांनाच पुन्हा पुन्हा परीक्षेला बसवतो, दर खेपेला अणूंचे आरंभीचे वेग बदलून. ज्या गणिताला या दोघांतला फरकही ओळखता येत नाही, त्याचे पडद्यावरचे चित्र कितीही मोहक असो, मी ते औषध घडवणाऱ्यांच्या टेबलावर नेत नाही.